गाडीची पाठ आणि नगरची वाट

२०२५ साली १५ ऑगस्टला शुक्रवार आला. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांची सलग सुट्टी मिळाली. कामगार माणसाला अशी सुट्टी वर्षातून किती वेळा मिळते? तेव्हा आम्ही कल्याणच्या दोन कुटुंबांनी, लहानथोर मिळून नऊ माणसांनी, नगर जिल्हा पाहायला जायचे ठरविले. जाताना कसारा घाट, घोटी, भंडारदरा. पुढे राजूर, अकोले, संगमनेर, राहुरी, नगर. आणि येताना नगर-कल्याण रस्त्याने माळशेज घाट उतरून परत घरी, असा गोल बेत आखला.

प्रवासवर्णनात धबधबे येतात, किल्ले येतात, जेवणावळी येतात. आमच्याही प्रवासात ते सर्व आले. पण घरी परतल्यावर आमच्या मंडळींत सर्वांत जास्त चर्चा कशाची झाली असेल, तर ती आमच्या गाडीच्या मागच्या बाजूची. वाचक हसतील. परंतु पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन जीपने, टेंपोने, भाड्याच्या गाडीने गावोगाव फिरणारी आपल्यात पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहीत आहोत.

आमची गाडी

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ज्या गाडीत झोपता येते, स्वयंपाक करता येतो, ती कॅरॅव्हॅन. काही जण तिला कॅम्परव्हॅनही म्हणतात. तशा तयार गाडीचे भाडे आपल्याला परवडणारे नाही. आमच्या मामांनी आयुष्यभर कंपनीची बस चालविली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी टेंपो ट्रॅव्हलर विकत घेतली. आर.टी.ओ.ची रीतसर परवानगी काढून, आतली बाके उतरवून, दोन्ही बाजूंना फळ्यांचे लांब बाक करून घेतले. रात्री मध्ये एक फळी टाकली की बायका-मुले आरामात झोपतात. मागच्या दाराशी स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन आणि भांड्यांची पेटी. हीच आमची कॅरॅव्हॅन. पिवळा रंग बदलला, तरी पाठीवरची 'स्कूल बस' ही अक्षरे उन्हात अजून अंधूक दिसतात.

गाडीची पाठ अगदी सपाट, कपाटासारखी उभी. पुढे सर्व गोष्टी घडल्या त्या या सपाट पाठीमुळेच.

"तुमचा मागचा दिवाच दिसत नाही"

शुक्रवारी सकाळचे झेंडावंदन करून निघालो. सुट्टीची गर्दी आणि धो-धो पाऊस, त्यामुळे घोटी यायलाच दुपार टळून गेली. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा ढग इतके खाली आले होते, की कळसूबाई कुठे आहे हे मुलांना दाखविता येईना. १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आपल्या शेजारी उभे आहे आणि आपल्याला दिसत नाही, याचे मुलांना मोठे नवल वाटले. बारी गाव आले आणि आम्ही नगर जिल्ह्यात शिरलो.

संध्याकाळ झाली होती. मामांनी दिवे लावले होते. एका वळणाआधी पुढे गुरे आडवी आली म्हणून मामांनी गाडीचा वेग कमी केला. तेवढ्यात मागे करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि एक मोटारसायकल आमच्या डाव्या अंगाने घसरत, कशीबशी सावरत साइडपट्टीवर थांबली. नवरा-बायको होते, मध्ये लहान मूल. आमच्या काळजाचे पाणी झाले. मामा धावत खाली उतरले.

तो तरुण रागावला नाही. थरथरत्या आवाजात एवढेच म्हणाला, "मामा, तुमचा मागचा दिवाच दिसत नाही हो. गाडी थांबते का चालते, काय कळायचं आम्हाला?"

आम्ही मागे जाऊन पाहिले. दिवे चालू होते. बल्ब शाबूत होते. पण पाठीवर तांबड्या चिखलाचा असा थर बसला होता, की टेललॅम्प, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, नंबरप्लेट सगळे एका रंगाचे झाले होते. हात लावला तेव्हा दिव्याची काच कुठे आहे ते कळले. सकाळी निघताना पुढची काच दोन वेळा पुसली होती, आरसे पुसले होते. मागे एकदाही कोणी गेले नव्हते.

थोरल्या ताईने पदरानेच दिवे पुसले. लाल उजेड रस्त्यावर पडला. मोटारसायकलवरचे मूल त्या उजेडाकडे टकमका पाहत होते. त्या बाईंना आमच्या मावशींनी गाडीत बसवून गरम चहा दिला. ते कुटुंब पुढे गेले, पण रात्रभर आमच्यापैकी कोणाला नीट झोप लागली नाही. आपल्या चुकीने दुसऱ्याचे घर उजाड झाले असते, हा विचार मनातून जाईना.

अकोल्याचे मिस्त्री

शनिवारी सकाळी भंडारदऱ्याचे धरण लांबूनच पाहिले. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. शंभर वर्षांमागे डोंगरात एवढा दगड घडविणारे हात कोणाचे असतील, असे आजी म्हणाल्या. धरणाच्या वरच्या अंगाला, रतनवाडी-घाटघरकडे, पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. रंधा धबधब्याजवळ गर्दी फार होती, म्हणून कठड्याच्या आतूनच पाहून निघालो. मुलांना पाण्याजवळ जाऊ दिले नाही.

अकोल्यात मामांनी गाडी एका लहानशा गॅरेजपाशी लावली. मिस्त्री वयस्कर होते. आदल्या दिवशीची हकिकत ऐकून त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि वाकून मागच्या चाकांकडे पाहिले. मागच्या एका चाकाचे मडफ्लॅप निम्मे फाटलेले होते, दुसऱ्याचे नव्हतेच.

"पण मिस्त्री," आमच्यातला एक जण म्हणाला, "चाक तर चिखल मागं फेकतं. गाडी पुढं पळते. मग तो चिखल उलटा येऊन गाडीच्या पाठीला कसा चिकटतो? आणि तोही वर काचेपर्यंत?"

प्रश्न बरोबर होता. मिस्त्रींनी उत्तर तोंडाने दिले नाही. गॅरेजशेजारच्या गटारातून पावसाचे पाणी वाहत होते. त्यांनी अर्धी वीट उचलून त्या पाण्यात उभी ठेवली आणि मुलांना म्हणाले, "आता वाळलेलं गवत टाका."

मुलांनी काड्या टाकल्या. काड्या विटेच्या दोन्ही बाजूंनी भरकन पुढे गेल्या. पण विटेच्या पाठीमागे पोहोचताच काही काड्या गर्रकन वळल्या, उलट्या आल्या आणि विटेच्या पाठीला चिकटून तिथेच फिरत राहिल्या.

"वीट म्हणजे तुमची गाडी," मिस्त्री म्हणाले. "पाणी म्हणजे वारा. गाडी पळते तेव्हा वारा दोन्ही बाजूंनी आणि टपावरून जातो. मागं पोकळी पडते. तिथं हवेचा दाब कमी. मग आजूबाजूची हवा त्या पोकळीत उलटी शिरते, आणि चाकानं उडवलेला बारीक तुषार बरोबर घेऊन येते. जेवढी पाठ सपाट, तेवढा चिखल जास्त. उतरत्या पाठीच्या गाडीला एवढा त्रास नाही."

आमच्यातल्या दहावीतल्या मुलीला विज्ञानाच्या पुस्तकातला हवेचा दाब त्या गटारात एका क्षणात समजला. उभ्या पाठीच्या लहान मोटारींना मागच्या काचेलाही वायपर का असतो आणि लांब डिकीच्या मोटारींना बहुधा का नसतो, हेही मग तिनेच आम्हाला सांगितले.

मिस्त्रींनी जुन्या ट्रकच्या रबराचे जाड पत्रे कापून चारही चाकांमागे मडफ्लॅप बसविले. चाकाच्या रुंदीपेक्षा थोडे रुंद, आणि खाली जमिनीपासून वीतभर अंतर राहील इतके लांब. चाक उडविते त्यातले मोठे थेंब रबरावर आपटून खालीच पडतात. बारीक धुके मात्र बाजूने निसटते, ते पूर्ण थांबत नाही. मोठ्या मालगाड्यांच्या मागे उडणाऱ्या तुषारामुळे इतर वाहनांना दिसत नाही, हा त्रास जगभर आहे. त्यासाठी युरोपीय समुदायाने १९९१ साली खास नियमच केले. तिकडच्या काही मडफ्लॅपना आतून गवतासारखे प्लॅस्टिकचे तंतू असतात. पाणी त्यात अडकते आणि निथळून खाली पडते.

टपाच्या मागच्या कडेला वाकडी पट्टी बसवून वरचा वारा काचेवरून खाली वळविता येतो, असेही मिस्त्री म्हणाले. पण तिचा फायदा झालाच तर वरच्या काचेला होतो, खालच्या दिव्यांना नाही. आम्ही तो खर्च केला नाही.

चिखल येतो तिथे धूरही येतो

मिस्त्रींनी सांगितलेली दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षाही महत्त्वाची होती. आजी म्हणाल्या होत्या, "काल मागं बसून माझं डोकं लई दुखलं, मळमळलं." आम्हाला वाटले, घाटाची वळणे लागली असतील. धाकट्यालाही उलटी झाली होती.

मिस्त्रींनी विचारले, "मागची खिडकी उघडी होती का?"

होती. फळ्यांच्या बाकावर झोपलेल्यांना वारा लागावा म्हणून आम्हीच मागच्या दाराची सरकती काच चार बोटे उघडी ठेवली होती.

"मग दुसरं काय होणार? ज्या वाऱ्यानं चिखल मागं ओढून आणला, त्याच वाऱ्यानं सायलेन्सरचा धूरही आणला. काच उघडी म्हटल्यावर तो आत शिरला. गाडी चालू असताना मागची काच आणि मागचं दार कधी उघडं ठेवायचं नाही. वारा पाहिजे तर पुढच्या काचा उघडा."

वाचकहो, हे नीट ध्यानात ठेवा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. जीपचा मागचा पडदा वर बांधून, टेंपोचे मागचे दार उघडे टाकून, मुलांना मागे झोपवून आपण किती वेळा प्रवास केला असेल! गाडी उभी करून आत झोपतानाही पंख्यासाठी किंवा उबेसाठी इंजिन चालू ठेवणे तितकेच घातक.

मिस्त्रींनी मागच्या दाराचे झिजलेले रबरी बीडिंग बदलले आणि सायलेन्सरचा एक सैल जोड आवळला. त्या दिवशी आजींचे डोके दुखले नाही. आमच्या मामांच्या मागे 'चिखल येतो तिथे धूरही येतो' हे वाक्य मुलांनी प्रवासभर पाठ म्हणून घोकले.

तांबडी माती, काळी माती

नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक, तालुके १४. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी एस.टी.तल्या बायाबापड्यांच्या तोंडी 'नगर' हेच नाव आहे. या जिल्ह्याची एक टोकाची बाजू घाटमाथ्यावर पावसात बुडालेली, तर दुसरी पर्जन्यछायेत. तिथे वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात.

हा फरक आम्ही गाडीच्या पाठीवर पाहिला. अकोल्यापर्यंत तांबूस चिखल. संगमनेर सोडून लोणी-कोल्हारकडे प्रवरेच्या बागायती पट्ट्यात शिरलो, तसा चिखल काळा झाला. दोन्ही बाजूंना ऊस. याच भागात, प्रवरानगरला, आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतातून रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर काळ्या मातीची ढेकळे आणतात, पावसात ती रस्त्यावर पसरतात. काळा चिखल तांबड्यापेक्षा चिवट. वाळला की पापुद्रा धरतो आणि पुसायला गेले की कापडाला चिकटतो.

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याला लागलो. खड्डे आणि त्यांत साठलेले पाणी. पुढच्या ट्रककडे पाहून आम्हाला आमचीच कालची गाडी आठवली. पाठ सगळी चिखलाने लिंपलेली, नंबर दिसत नाही, दिवे दिसत नाहीत. मात्र खाली काळी बाहुली आणि जुनी चप्पल व्यवस्थित बांधलेली!

मामा म्हणाले, "नजर लागू नये म्हणून चप्पल बांधली, पण मागच्याच्या नजरेला गाडी दिसू दे, एवढं केलं नाही." मुले खदाखदा हसली. आपल्या घरांतून लिंबू-मिरची, काळा दोरा केव्हाच गेला आहे. त्याची जागा फडक्याने आणि पाण्याच्या बाटलीने घेतली पाहिजे, हे आम्हाला त्या ट्रकमागे पटले.

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फाट्यापाशी चहाला थांबलो. पाच मिनिटे थांबलो, तरी ताई फडके घेऊन मागे गेलीच. पाहते तर धाकट्याने मागच्या दारावरच्या काळ्या चिखलात बोटाने मोठ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून ठेवले होते. आता पुसायचे कसे? धाकटा रडकुंडीला आला. शेवटी तोड निघाली. दारावरचा मजकूर तसाच ठेवायचा; दिवे, नंबर आणि काच तेवढी पुसायची. ही तोड मुलाची समजूत काढण्यासाठी निघाली, पण पुढे तीच आमची कायमची रीत झाली. ती कशी, ते पुढे सांगतो.

रणगाड्याचे मडगार्ड

शनिवारी रात्री नगरला नातेवाइकांकडे मुक्काम केला. रविवारी सकाळी रणगाडा संग्रहालय पाहिले. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे जुने रणगाडे उघड्यावर मांडून ठेवले आहेत. नगर हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे ठिकाण. सैन्याच्या वाहनांचे संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्थाही याच शहराजवळ आहे.

मुले तोफांकडे धावली. आमचे लक्ष मात्र साखळीपट्ट्यांवरच्या पत्र्याच्या पाखांकडे आणि त्यांच्या टोकाच्या झडपांकडे गेले. मडगार्डच ते! एवढे मोठे युद्धाचे यंत्र, पण चिखलापासून त्याचीही सुटका नाही. मामा बराच वेळ एका रणगाड्याच्या मागे उभे राहून पाहत होते. संग्रहालयात रणगाडा मागून पाहणारे त्या दिवशी ते एकटेच असावेत.

पाण्याचा हिशेब

नगरहून कल्याणच्या रस्त्याला लागलो. आत वळून हिवरे बाजार पाहिले. एके काळी दुष्काळाने माणसे गाव सोडून जात असलेले हे गाव. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी माती अडविली, पाणी अडविले, झाडे लावली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हाला सर्वांत पटली ती पाण्याच्या ताळेबंदाची गोष्ट. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती लागेल हे आधी मोजायचे आणि उरेल त्यावर पिके ठरवायची. जास्त पाणी पिणारा ऊस तिथे लावीत नाहीत.

तिथून निघून पारनेर तालुक्यातल्या एका गावात नळावर थांबलो. गाडीची पाठ पुन्हा चिखलाने भरली होती. मामांनी बादली काढली आणि नळाखाली लावली. जवळच धुणे धुणाऱ्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "प्यायला पाहिजे तेवढं न्या बाळांनो. पण गाडी धुवायला बादल्या नका भरू. आत्ता पाऊस दिसतोय, चैत्रात या आणि बघा. टँकरच्या मागं पळावं लागतं आम्हाला."

मामा ओशाळले. बादली नळाखालून काढली. आजी गाडीतून उतरल्या आणि त्या बाईंजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "खरं बोललात बाई. आम्हाला पाण्याची किंमत ठाऊक आहे. लहानपणी आम्ही विहिरीच्या कडेला कळशी घेऊन बसायचो. कुणी वरनं ओतलं तर पाणी. नाहीतर रिकामी कळशी घेऊन घरी."

त्या बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग स्वतः उठून नळ सोडला, आमचे पिण्याचे दोन्ही कॅन भरून दिले आणि आजींना ओंजळीने नाही, स्वतःच्या तांब्यातून पाणी दिले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, ते पाणी सर्वांचे आहे हे सांगण्यासाठी. जे सर्वांचे, ते उधळण्याचा अधिकार कोणाचाच नाही, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ आम्हाला त्या नळावर उमगला. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या मुलांनी दुष्काळी गावाच्या नळावर पाइप लावून गाडी धुवावी, हे शोभणारे नाही.

मग ताईने एका बाटलीत गाडी पुसून दाखविली. एक लिटर पाणी, त्यातलेही थोडे उरले.

आमची रीत

तीन दिवसांत शिकलो ते बहिणी-भावांसाठी थोडक्यात देत आहोत.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरी गाडीची पाठ स्वच्छ धुऊन, वाळवून, मोटारीच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा. गुळगुळीत पृष्ठभागावर चिखल घट्ट बसत नाही, लवकर निघतो. मडफ्लॅप चारही चाकांना आहेत का, फाटले नाहीत ना, हे पाहावे. जुन्या रबराचेही चालतात.

बाटलीच्या झाकणाला खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत. दाबली की बारीक धारा निघतात. दोन फडकी ठेवावीत, एक चिखलाचे आणि एक शेवटच्या हाताचे. जुन्या बनियनचे फडके उत्तम.

वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने कधीही घासू नये. त्यात वाळूचे कण असतात, दिव्याच्या काचेवर ओरखडे पडतात आणि मग दिवा कायमचा अंधूक होतो. आधी थोडे पाणी मारावे, दोन मिनिटे भिजू द्यावे, मग वरून खाली एकाच दिशेने पुसावे.

पुसण्याचा क्रम असा ठेवावा: प्रथम टेललॅम्प व ब्रेकचे दिवे, मग इंडिकेटर, मग लाल रिफ्लेक्टर, मग नंबरप्लेट व तिचा दिवा, शेवटी मागची काच आणि दाराची मूठ. बाकीचा पत्रा घरी येईपर्यंत मळलेला राहिला तरी काही बिघडत नाही. धाकट्याच्या अक्षरांमुळे आम्हाला हे शहाणपण आले.

पावसात प्रत्येक थांब्यावर, चहाला थांबा की पेट्रोल पंपावर, एकाने मागे जाऊन दिवे पाहिलेच पाहिजेत. हे काम चालकावर सोडू नये. तो थकलेला असतो. आमच्याकडे ते काम मुलांना वाटून दिले आहे. एक जण आत ब्रेक दाबतो, दुसरा मागून ओरडतो, "लागला!"

वेग कमी ठेवावा. वेग वाढला की तुषार वाढतो, शिवाय ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबत नाही. पुढच्या ट्रकपासून लांब राहावे. आणि मागची काच व दार चालत्या गाडीत बंद, हे तर सर्वांत आधी.

माळशेज उतरताना

टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर मागे टाकून रविवारी संध्याकाळी माळशेज घाटात पोहोचलो. धुके इतके, की दहा पावलांपलीकडचे दिसेना. सगळ्या गाड्या मुंगीच्या पावलाने उतरत होत्या. आमच्या पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे दिसत होते, तेवढ्याच आधाराने मामा चालवीत होते. त्या गाडीवाल्याने दिवे पुसून घेतले होते, म्हणून आम्हाला रस्ता सापडत होता.

घाट सुरू होण्याआधी आम्हीही थांबून आमचे दिवे पुसले होते. आमच्या मागे कोण होते ते धुक्यात दिसले नाही. एखादा ट्रक असेल, एखादी एस.टी. असेल, किंवा आमच्यासारखेच एखादे कुटुंब असेल, मधे लहान मूल घेऊन मोटारसायकलवर निघालेले.

कल्याणला पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. चाळीतल्या दिव्याखाली धाकट्याने आधी गाडीच्या मागे जाऊन पाहिले. त्याची अक्षरे घाटातल्या पावसाने धुऊन गेली होती. तो म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वेळी पुन्हा लिहीन." आणि खिशातले फडके काढून त्याने उजवा दिवा पुसला.